दोन ठोक्यांचा जबाब

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास प्रोफेसरनं गॅरेजचं शटर वर ढकललं आणि दिवसाची पहिली शिवी त्या शटरलाच घातली. ते अर्ध्यावर अडकायचं. सासऱ्यानं बसवलेलं, म्हणजे अडकणारच, असं त्याचं म्हणणं. त्या गॅरेजात जे गळायचं, गंजायचं, कुरकुरायचं ते सगळं सासऱ्याचं, आणि जे धड चालायचं ते याचं.

प्रोफेसर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गल्लीतल्या मेकॅनिक मंडळींनी ते कुचेष्टेनं ठेवलं होतं आणि यानं ते मान म्हणून घेतलं. एवढी साधी गोष्ट ज्याच्या डोक्यात शिरली नाही, तो दिवसभर बाकीच्यांची अक्कल काढायचा. त्याचं काम गाड्या ट्यून करण्याचं. इंजिनाचा जो छोटा संगणक असतो त्याला लॅपटॉप जोडायचा आणि पेट्रोल किती जाईल, ठिणगी कधी पडेल, याचे आकडे बदलायचे. काम तो उत्तम करायचा. हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तोच म्हणायचा.

त्या दिवशी, गाडी जागच्या जागी पळवून बघायच्या रोलरवर एक लहानशी लाल गाडी पट्ट्यांनी जखडून ठेवलेली होती. मालक कुणीतरी हौशी गृहस्थ. त्यानं खोक्यात भरून येणारी टर्बोची किट मागवली होती. धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, आणि तो पंखा इंजिनात हवा कोंबणार, म्हणजे ही डबी विमानासारखी पळणार, अशी त्याची समजूत. प्रोफेसरला असल्या गिऱ्हाइकांचा मनापासून तिटकारा होता, आणि त्यांच्याच जिवावर त्याचं घर चालत होतं.

किट बसवली होती मेहुण्यानं. बायकोचा धाकटा भाऊ, चाळिशीला आलेला, अबोल. आठ दिवस खपून त्यानं टर्बो चढवला, नळ्या वळवल्या, बंपरमागे हवा थंड करायची जाळी बसवली, तेलाची बारीक नळी ओढली. वेल्डिंगची शिवण अशी की बोट फिरवलं तरी अडकू नये.

प्रोफेसर वाकला, बॅटरी मारली, नाक मुरडलं.

"ही नळी इंजिनाच्या पट्ट्याच्या किती जवळ आणलीयस."

"दोन बोटं जागा आहे, भावोजी."

"कुणाची बोटं? तुझी का माणसाची?"

मेहुण्यानं फडकं उचललं. तो बापासारखाच होता. ऐकून घ्यायचा आणि हात पुसायचा.

त्या बापाची, म्हणजे प्रोफेसरच्या सासऱ्याची, एक पद्धत होती. बॉनेट उघडं असलं की सीटवर बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. कुणाचा हात आत आहे की बाहेर, कळत नाही. म्हणून सीटवरच्यानं सेल्फ मारायच्या आधी दाराच्या पत्र्यावर तळहातानं तीन ठोके द्यायचे. पुढच्यानं हातातल्या पान्यानं इंजिनावर दोन ठोके देऊन जबाब द्यायचा. दोन ठोके म्हणजे हात बाहेर आहे, मार सेल्फ. जबाब आला नाही तर किल्लीला हात लावायचा नाही, मग दिवस मावळला तरी चालेल. चाळीस वर्षं म्हाताऱ्यानं हे पाळलं. मुलाला शिकवलं, मुलीला शिकवलं. तिच्या तर ते इतकं हाडीमाशी खिळलं होतं की घरात मिक्सर लावतानासुद्धा ती ओट्यावर तीनदा टकटक करायची आणि मगच बटण दाबायची. प्रोफेसर कपाळावर हात मारून घ्यायचा.

"खुळ्यांचं घराणं आहे तुमचं," तो म्हणायचा.

मागच्या वर्षी असाच एक रविवार होता. सासरा बॉनेटखाली वाकलेला, प्रोफेसर सीटवर, लॅपटॉप मांडीवर, समोर आकडे. तीन ठोके देण्यात तीन सेकंद गेले असते. त्यानं ते दिले नाहीत. तो लहान मुलांचा खेळ त्याच्यासारख्यानं का खेळायचा? त्यानं सरळ सेल्फ मारला. म्हाताऱ्याचा उजवा हात पट्ट्यात ओढला गेला, तीन बोटं तुटली. जखम चिघळली, विष अंगात भिनलं, आणि दहा दिवसांत म्हातारा गेला.

पोलिसांनी प्रोफेसरचा जबाब घेतला. त्यात त्यानं सांगितलं, "मी तीन ठोके दिले. त्यांचे दोन आले. मी माझ्या कानांनी ऐकले. नंतर त्यांनीच परत हात घातला असणार. वय झालं होतं." सगळ्यांनी मान डोलावली. बायकोनं तर ते गुमान गिळलं. बाबा आयुष्यात एकदाच चुकले आणि त्यातच गेले, असं म्हणून ती वर्षभर रडत होती, आणि हा शेजारी बसून म्हणायचा, "म्हातारपणी होतं असं." इतका निगरगट्ट.

त्याचं खोटं उघडं पाडू शकेल अशी जगात एकच गोष्ट होती, आणि ती त्याच्याच लॅपटॉपमध्ये होती.

इंजिनात पेट्रोल अवेळी पेटलं की इंजिन आतून ठोकतं. ते बारीक ठोके पकडण्यासाठी प्रोफेसर इंजिनाच्या अंगावर बोल्टनं एक माइक आवळायचा. त्याला तो 'कान' म्हणायचा. कानाची वायर हेडफोनला, दुसरी लॅपटॉपला. पडद्यावर दोन रेघा सरकायच्या, एक इंजिनाच्या वेगाची आणि एक आवाजाची. गिऱ्हाइकावर छाप पाडायला तो बंद इंजिनावर पाना टेकवून ठक करायचा, आवाजाची रेघ टुणकन उडी मारायची, आणि हा ऐटीत म्हणायचा, "माणूस खोटं बोलतो. लॉग बोलत नाही."

प्रत्येक गाडीचा लॉग, म्हणजे त्या रेघांची नोंद, तो जपून ठेवायचा. त्या रविवारचाही होता. पुसावा असं दोन-तीनदा त्याच्या मनात आलं होतं. पण लॉग पुसणाऱ्या ट्यूनरला तो चार लोकांत चोर म्हणत आला होता, आणि स्वतःच्या नजरेत चोर व्हायची त्याची तयारी नव्हती. शिवाय वाचणार कोण? मेहुणा वेल्डिंगवाला. बायको काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना आलेख छापून द्यायची, पण तिला काय कळतंय त्यातलं.

तर, लाल गाडी. प्रोफेसर सीटवर बसला, हेडफोन चढवला, गाडीसमोरचा मोठा पंखा लावला आणि पहिली फेरी घेतली. टर्बोनं शीळ घातली, रोलर घरघरला, गॅरेजची पत्र्याची भिंत थरथरली. आवाजाची रेघ सपाट. एकही ठोका नाही. त्यानं इंजिन बंद केलं. रोलर हळूहळू थांबला. पंखाही थांबला. गरम सायलेन्सर थंड होताना जी बारीक टिकटिक होते तेवढीच राहिली.

आणि हेडफोनमध्ये आलं, ठक ठक.

दोन. मोकळे, सावकाश, लोखंडावर लोखंड.

त्यानं हेडफोन काढला. मेहुणा मागच्या मोरीवर हात धूत होता, पाण्याची धार ऐकू येत होती.

"काय सैल ठेवलंयस रे पुढे?"

"काही नाही. सगळे बोल्ट दोनदा तपासलेत."

"मग भूत वाजवतंय का?"

मेहुण्यानं नळ बंद केला आणि वळून त्याच्याकडे नुसतं बघितलं.

प्रोफेसर मनाशी हसला. नळ्या थंड होताना आखडतात, एखादा पत्रा तडकतो, अडाण्यांना हे कुठून कळणार? त्यानं हवेचा दाब थोडा वाढवला, पेट्रोल थोडं वाढवलं, दुसरी फेरी घेतली. रेघ सपाट. इंजिन बंद.

ठक ठक.

या वेळी त्यानं पडद्याकडे बघितलं. इंजिनाचा वेग शून्य. आवाजाच्या रेघेवर दोन काटे, शेजारी शेजारी.

आणि मग वास आला. तापलेल्या तेलाचा नाही, रबराचा नाही. निलगिरीच्या तेलाचा. सासऱ्याची बोटं आखडायची, म्हणून तो रोज काम सुरू करण्याआधी सांध्यांना निलगिरीचं तेल चोळायचा, आणि सगळ्या पान्यांना तो वास लागायचा. प्रोफेसरनं म्हाताऱ्याचे पाने कधीच भंगारात घातले होते.

"तू तेल लावलंस का हाताला?" त्यानं ओरडून विचारलं.

"कसलं तेल?"

"काही नाही."

त्याच्या मानेवर घाम आला होता. भर दुपार होती, पत्र्याखाली उकडत होतं, घाम येणारच, असं त्यानं स्वतःला बजावलं. तो घाबरला होता. पण घाबरणं त्याला इतकं कमीपणाचं वाटायचं की भीतीचा राग झाला, आणि राग नेहमीच्या ठिकाणी गेला.

"तुझंच काहीतरी सैल आहे," तो मेहुण्याला म्हणाला. "आठ दिवस काय केलंस, झोपा काढल्यास? ये, आत बस. मी पुढे जाऊन बघतो. सेल्फ मारताना कुठे काय हलतं ते मला हवंय."

मेहुणा सीटवर बसला. प्रोफेसरनं हेडफोनची वायर सोडवून पुढे ओढली, बॉनेटखाली वाकला आणि टर्बोखालच्या पट्टीला हात लावला. ती हलत नव्हती. शेजारची हलत नव्हती. तेलाची नळी, जिच्यावरून त्यानं सकाळी टोमणा मारला होता, तीही हलत नव्हती. त्यानं उजवा हात आणखी खाली घातला, पट्टा आणि नळी यांच्यामधून. दोन बोटं जागा खरंच होती. त्याचा हात तिथून बरोबर गेला.

तेवढ्यात दारावर ठोके पडले. धप, धप, धप. तीन. मेहुणा बापाची पद्धत विसरला नव्हता.

"चालू झालं याचं पुराण," प्रोफेसर पुटपुटला. जबाब द्यायला त्याच्या डाव्या हातात पाना होता. त्यानं तो दिला नाही. नुसतं ओरडून "थांब" म्हणायचं तरी होतं. तेही म्हणाला नाही. आपण गप्प राहिलो की हा मूर्ख आपोआप थांबेल, अशी त्याची खात्री. आणि ते खरंच होतं. जबाब आला नसता तर मेहुणा संध्याकाळपर्यंत बसून राहिला असता.

ठक ठक.

या खेपेला ते हेडफोनमध्ये आले आणि बोटांतही आले. ज्या लोखंडावर त्याची बोटं टेकली होती, त्याच लोखंडावर, बोटांपासून वीतभर अंतरावर, कुणीतरी वाजवलं होतं. त्यानं डोळे फाडून बघितलं. तिथं कुणी नव्हतं. त्याला एवढंच कळलं की हे मी दिलेले नाहीत... हे सांगायला हवं... आणि जन्मात पहिल्यांदा त्याचं तोंड वेळेवर उघडलं नाही.

मेहुण्यानं सेल्फ मारला.

इस्पितळात उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. चौथ्या दिवशी प्रोफेसर शुद्धीवर म्हणावा इतपत आला, आणि आल्या आल्या त्यानं मेहुण्याच्या नावानं खडे फोडायला सुरुवात केली.

"मुद्दाम केलं त्यानं. मी जबाब दिलाच नव्हता."

बायको पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. "तो म्हणतो आला होता. तीन दिले, दोन आले. रडत होता हो तो. स्वतःच्या कानांनी ऐकले म्हणतो."

हेच शब्द. वर्षापूर्वी पोलिसांना यानंच सांगितलेले. पण सवय वाईट असते.

"खोटारडा आहे. लॅपटॉप आण. लॉग चालू होता. माणूस खोटं बोलतो, लॉग बोलत नाही. त्याला तुरुंगात घालतो की नाही बघ."

तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप आणला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शेजारचा पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली. खिडकीतून ऊन थेट फरशीवर पडलं होतं. मेहुणा बाहेर बाकावर बसला होता, आत यायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"पडदा दिसत नाहीये. पलंग वर कर," प्रोफेसरनं हुकूम सोडला.

पलंग जुना होता. पायथ्याशी लोखंडी मूठ होती, ती फिरवली की डोक्याकडची अर्धी चौकट वर यायची आणि दोन दांड्यांमधली फट कात्रीसारखी मिटत जायची. बायकोनं मूठ दोन वेढे फिरवली, मग शेजारी येऊन बसली आणि लॉग उघडला. उघडताना तिला काही विचारावं लागलं नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

पडद्यावर दोन रेघा सरकल्या. वेग शून्य. आवाजाच्या रेघेवर तीन बुटके काटे, दारावरचे. मग थोडी सपाट जागा. मग दोन उंच, टोकदार. त्यानंतर वेगाची रेघ उसळली.

"आले होते की दोन," बायको हळूच म्हणाली. "तो खरं बोलत होता."

"मी नाही दिले!"

"मग कुणी दिले?"

तो पडद्याकडे बघत राहिला. मूर्ख म्हणावं असं तिथं कुणीच नव्हतं.

"बाबांच्या वेळचा लॉग असेल ना?" ती म्हणाली. "त्यांचे दोन पण असेच दिसत असतील. मला बघायचेत. बाबांचे शेवटचे ठोके आहेत ते."

"पुसला तो."

"तुम्ही लॉग पुसत नाही."

"अगं, पुसला म्हणतो ना! आणि तुला काय कळतंय त्यातलं?"

"अकरा वर्षं तेच छापतेय मी," ती म्हणाली, आणि तारीख शोधून तिनं तो उघडला.

त्यानं डाव्या हातानं लॅपटॉप ओढायचा प्रयत्न केला. तिनं तो शांतपणे त्याच्या आवाक्याबाहेर, स्टुलाच्या पलीकडे धरला. तोल सावरायला त्यानं हात बाजूच्या त्याच दोन दांड्यांमध्ये घातला आणि घट्ट धरून राहिला. तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड होता. ती बघत होती.

त्या लॉगमध्ये तीन ठोके नव्हते. दोन नव्हते. काहीच नव्हतं. सपाट रेघ, सपाट, सपाट, आणि मग एकदम इंजिन.

तिनं तो तीनदा बघितला. मग लॅपटॉप मिटला.

"विचारलंसुद्धा नाहीत," ती म्हणाली.

"ऐक... तो माइक त्या दिवशी नीट..."

"वर्षभर मी बाबांना दोष दिला."

ती रडली नाही. रडली असती तर त्याला तिला वेडी ठरवता आलं असतं. ती उठली, लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि पलंगाच्या पायथ्याशी गेली. मुठीवर तिनं एक हात ठेवला.

"काय करतेस?"

दुसऱ्या हाताच्या तळव्यानं तिनं पलंगाच्या पत्र्यावर ठोके दिले. धप, धप, धप. आणि थांबली. बाबांनी शिकवलं होतं तशी, मान थोडी कलती करून, वाट बघत.

प्रोफेसरनं श्वास रोखला. जबाब द्यायचा नाही, बस्स. जबाब दिला नाही तर ती हात लावणार नाही. ती कधीच लावत नाही, मिक्सरलासुद्धा नाही. त्या खुळ्या पद्धतीवर त्यानं त्या घडीला जेवढा भरवसा ठेवला तेवढा आयुष्यात कशावर ठेवला नव्हता. तो गप्प पडून राहिला. बाहेर कुणाचं तरी पाऊल वाजलं आणि दूर गेलं.

मग निलगिरीचा वास आला.

ठक ठक.

गादीच्या खालून आले. दांडीला धरलेल्या त्याच्या डाव्या हाताच्या अगदी जवळ. सावकाश, मोकळे, लोखंडावर लोखंड.

बायको दचकली नाही. तिनं फक्त मान हलवली, रोज गॅरेजात हलवावी तशी.

"आला जबाब," ती म्हणाली.

"अगं थांब... मी नाही... हात आत आहे माझा..."

त्यानं हात बाहेर ओढला. पलंग अजून जागचा हलला नव्हता, फट होती तेवढीच होती. पण हात निघेना. पलीकडून कुणीतरी तो मनगटाशी धरून ठेवला होता, आणि त्या पकडीत बोटं दोनच होती.